खालचं वाचता आलं पाहिजे

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणते. अकरावीत जीवशास्त्र शिकल्यावर मी तिला सांगितलं, की कोणाच्याच जिभेला नसतं. तिने हातातली कात्री टेबलावर अशी आपटली, की ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई माप न देताच उठली.

तर असा माझा स्वभाव. खोटं कशाला बोलू? राग कायम नाकावर, आणि मनातलं ओठांवर यायला मध्ये एकही थांबा नाही.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात जाण्याआधी आम्हाला सहा आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम करावं लागतं. मला पहिली जागा मिळाली रंगाच्या कारखान्यात. चौथ्या दिवशी तिथले साहेब पाहुण्यांना तापमान कसं घेतात ते दाखवत होते, आणि तापमापी त्यांनी उलटी धरली होती. मी म्हटलं, "साहेब, उलटी आहे ती. पारा शीर्षासन करतोय." पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. पाचव्या दिवशी मी घरी.

आमच्या कॉलेजच्या सरांनी हातापाया पडून दुसरी जागा मिळवली आणि मला समोर उभं करून सांगितलं, "पोरी, तिसरी जागा नाही. सर्टिफिकेटवर 'समाधानकारक' असा शेरा आणि खाली सही, एवढं घेऊन ये. नाही आणलंस तर हेच वर्ष पुन्हा करायचं, मागून येणाऱ्या पोरांबरोबर बाकावर बसून."

घरी आईने शिलाई मशीन थांबवलं. ती मशीन थांबवते म्हणजे गोष्ट गंभीर असते. "तोंड उघडायच्या आधी मनात दहा आकडे मोज," ती म्हणाली.

"आणि दहा मोजूनही राग गेला नाही तर?"

"मग परत एकपासून. सहा आठवडे मोजत राहा, पण सही घेऊन ये."

ही दुसरी जागा म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळा. पाण्याच्या मोठ्या टाकीमागे एक दुमजली इमारत. वर प्रमुख मॅडमची खोली. खाली तीन खोल्या: एकीत बाटल्या धुवायच्या, दुसरीत पाणी गाळायचं, तिसरीत रजिस्टरं आणि प्लेटा उबवायचं कपाट. धुण्याच्या आणि गाळण्याच्या खोलीच्या मध्ये भिंतभर काच. फरशी इतकी स्वच्छ, की पहिल्या दिवशी मी चपला हातात घेऊनच आत शिरले.

वर राज्य मॅडमचं असेल, खाली मात्र काकांचं. काका म्हणजे मुख्य तंत्रज्ञ, एकतीस वर्षांचे जुने. शिडशिडीत, कोटाला कडक इस्त्री, आणि आवाज असा, की माणूस नकळत खिशातले हात बाहेर काढतो. मला दिलेला कोट माझ्या घोट्यापर्यंत येत होता. काकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कोट मोठा आहे. हरकत नाही. तोंड लहान ठेव."

एक, दोन, तीन… दहा.

"हो काका," मी म्हटलं. आईला कळलं असतं तर तिने पेढे… जाऊ दे, तिचा विश्वासच बसला नसता.

कामाची पद्धत सोपी होती. रोज सकाळी गाडी चाळीस बाटल्या घेऊन यायची. शाळा, दवाखाने, घरं, ठिकठिकाणच्या नळांचं पाणी. गाडी चालवणाऱ्या आणि बाटल्या भरून आणणाऱ्या गृहस्थांना सगळे बाटलीमामा म्हणायचे. एकेक बाटली बरोबर शंभर मिलिलिटरची. ती गाळणीच्या भांड्यात उपडी करायची. भांड्याच्या तळाशी बिस्किटाएवढा गोल, पांढरा कागद. इतका बारीक, की पाणी खाली जातं आणि जंतू वर अडकतात. तो कागद चिमट्याने उचलून जंतूंचा खुराक भरलेल्या प्लेटवर ठेवायचा आणि प्लेट उबदार कपाटात. दुसऱ्या दिवशी जिथे जंतू होता तिथे ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे आणि रजिस्टरात लिहायचे. झालं.

पण या सगळ्याच्या आधी यायचा कोरा नमुना. म्हणजे निर्जंतुक केलेलं पाणी, ज्यात काही म्हणजे काहीही नाही. तेही तसंच ओतायचं, तसंच उबवायचं. दुसऱ्या दिवशी ती प्लेट साफ दिसली पाहिजे. तिच्यावर ठिपका आला तर घाण नळात नाही, आपल्यात आहे. मग त्या दिवशीचे चाळीसच्या चाळीस नमुने बाद, आणि बाटलीमामा पुन्हा सगळ्या शहरभर.

कोरं पाणी मोठ्या चंबूतून यायचं, त्यामुळे ओतताना भांड्यावरची शंभरची बारीक रेघ बघून नेमकं थांबावं लागे. ते काम काका स्वतः करायचे. एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या हाताला त्यांनी तो चंबू लागू दिला नव्हता. घरातल्या मोठ्यांनी पहिला घास घ्यावा, तसा तो मान त्यांचा.

आणि गाळायच्या खोलीत बोलायचं नाही. मास्क नाकावर, तोंड बंद. "बोललं की थुंकी उडते. थुंकीत किती जंतू असतात, ठाऊक आहे?" काकांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "बघ, उडाली."

दुसऱ्याच दिवशी मी घोटाळा केला. एका शाळेच्या नळाचे ठिपके होते चौदा, मी घाईत लिहिले एक्केचाळीस. लक्षात आलं, म्हणून पिशवीतून व्हाइटनरची बाटली काढली, सुबक लेप दिला, फुंकर मारून वाळवला आणि वर मोत्यासारख्या अक्षरात चौदा लिहिलं. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

काकांनी ते पान बघितलं आणि त्यांचा चेहरा व्हाइटनरपेक्षा पांढरा झाला. "हे काय आहे?"

"चूक झाली होती. नीट केली."

"नीट नाही केलीस. गाडलीस." त्यांनी ती बाटली दोन बोटांत, मेलेली पाल उचलावी तशी उचलली आणि डब्यात टाकली. "या रजिस्टरात चूक झाकायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची. एकच, सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची, आपली आणि बघणाऱ्याची. उद्या कोणी विचारलं, आधी काय होतं, तर दिसायला हवं."

"पण काका, ते दिसायला वाईट दिसतं. सगळ्यांना कळतं, की मी चुकले."

"कळू दे की. झाकलेल्या चुकीला पोरं होतात, बाई. उघडी चूक बिचारी एकटीच राहते."

मला राग आला. पण खरं सांगते, ते वाक्य मनातून गेलं नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिने मान डोलावली. "शिवणीचंही तसंच आहे," ती म्हणाली, "उसवून पुन्हा शिवावं, वरून टाके मारू नयेत." काका न बघताच तिला आवडायला लागले.

आणि मला? मलाही आवडायला लागलं सगळं. काका नव्हे, काम. सकाळी कपाट उघडून प्लेटा बाहेर काढायच्या, तो क्षण मला इतका आवडायचा, की मी रस्त्याने पळत यायचे. काल ज्या पाण्यात डोळ्यांना काही दिसत नव्हतं, त्याने आज खरं सांगितलेलं असायचं. एकदा एका पाळणाघराच्या नळाच्या प्लेटवर ढीगभर ठिपके आले. मॅडमनी तासाभरात नळ बंद करवला, आणि ते ठिपके मी मोजले होते! त्या दिवशी मी बाटलीमामांना इतकी बडबड ऐकवली, की ते म्हणाले, "अगं लवंगी मिरची, श्वास घे मध्ये, नाहीतर मलाच घ्यावा लागेल तुझ्या वाटचा." तेव्हापासून मी 'लवंगी'.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी काका नवीन चष्मा घालून आले. जाड काचा, मोठी चौकट. "दोन महिन्यांतला तिसरा," बाटलीमामा माझ्या कानात कुजबुजले. "चष्मेवाल्याचं दुकान चालवायचा मक्ता घेतलाय बहुतेक."

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं आणि कोऱ्या नमुन्याच्या प्लेटवर तीन ठिपके. पिवळे, गोल, टपोरे. मी बघतच राहिले.

चाळीस नमुने बाद. बाटलीमामा कपाळावर हात मारून पुन्हा गाडीत बसले. बुधवारी पुन्हा ठिपके, गुरुवारी पुन्हा. चंबू बदलला, पाणी बदललं, कागदाचा नवीन डबा फोडला. ठिपके हटायला तयार नाहीत. एकतीस वर्षांत कोऱ्या प्लेटवर असं सलग कधी झालं नव्हतं. आणि एकतीस वर्षांत नवीन काय आलं होतं? मी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

शुक्रवारी रजिस्टर उघडलं तर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'संभाव्य कारण: प्रशिक्षणार्थी.'

प्रशिक्षणार्थी म्हणजे मीच. दुसरं कोण होतं तिथे? तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मोजले, परत दहा, असे चाळीस झाले तरी उतरेना. खोलीत मी एक अक्षर बोलले नव्हते! मास्क असा घट्ट बांधायचे, की संध्याकाळी कानामागे वळ असायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सोमवारी मॅडमनी वर बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, उलट फार शांत बाई. म्हणाल्या, "हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. मला वाट बघत बसता येणार नाही. आजपासून तू गाळायच्या खोलीत जायचं नाहीस, फक्त धुण्याचं काम. शुक्रवारपर्यंत ठिपके थांबले नाहीत, तर तुला कॉलेजात परत पाठवावं लागेल. वाईट वाटतं, पण माझा नाइलाज आहे."

परत पाठवणार. म्हणजे सही नाही, शेरा नाही, वर्ष पुन्हा. जिन्यावरून उतरताना मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाही राग आला. घरी काही सांगितलं नाही. आईने विचारलं, "मोजतेस ना?" मी म्हटलं, "मोजतेय." तिला वाटलं, पोरगी सुधारली.

दोन दिवस मी बाटल्या अशा घासल्या, की काच पातळ व्हायची वेळ आली. बुधवारी कपाट उघडलं. मंगळवारच्या कोऱ्या प्लेटवर चार ठिपके!

बाटलीमामांनी टाळीच वाजवली. "घ्या! आता तर लवंगी खोलीतच नव्हती!"

मी काकांकडे बघितलं. बोला आता, असं. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चंबू कोण धुतं?"

चंबू मीच धूत होते.

गुरुवारी सकाळी मी नळाखाली उद्यासाठीचा दुसरा चंबू धरून उभी होते. काचेपलीकडे काका कोरा नमुना ओतायला उभे राहिले. एक दिवस उरला होता. माझा राग इतका वर आला, की मी तिथल्या तिथे मोजायला लागले. एक, दोन, तीन. समोरच्या काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं. ओठ हलत होते. मनात मोजायचं म्हटलं तरी माझे ओठ हलतात, लहानपणापासून.

मग माझ्या लक्षात आलं, की काचेत दोन जणांचे ओठ हलताहेत.

मी पुढे वाकून बघितलं. काका भांड्यावर इतके ओणवे झाले होते, की नाक आत बुडायचं बाकी. नव्या चष्म्यावर श्वासाची वाफ येत होती, म्हणून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला होता. आणि चंबूतून पाणी सोडत ते पुटपुटत होते: अकरा, बारा, तेरा, चौदा. चौदाला हात थांबला. त्यांनी मास्क वर घेतला आणि पुढे नळांच्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक उपड्या करत गेले. त्या बाटल्या मापाच्याच, त्यांना रेघ बघायची गरज नव्हती. तेव्हा ओठ शांत.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, आणि पुटपुटणाऱ्याचे ओठ पुटपुटणारीला. काकांना रेघ दिसत नव्हती! शंभरची ती बारीक रेघ दिसत नाही, म्हणून ते मोजून ओतत होते. तोंडाने. उघड्या तोंडाने, कोऱ्या पाण्यावर वाकून.

माझ्या हातून चंबू पडायचाच बाकी होता. पहिला विचार आला, तो लिहायलाही लाज वाटते: वर धावत जावं आणि जिन्यातूनच ओरडावं. अख्ख्या इमारतीला कळू दे. पाय जिन्यापर्यंत गेलेही. मग ते भांड्यावर ओणवलेले काका आठवले. माणूस एवढा वाकतो, म्हणजे त्याला किती कमी दिसत असेल! एकतीस वर्षं ज्याने त्या चंबूला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, त्याला हे काय वाटत असेल? आणि गप्प बसले तर उद्या माझं वर्ष जाणार, ते वेगळंच. शिवाय सर्टिफिकेटवर सही त्यांचीच हवी होती.

मी दहा मोजले. ओठ हलू दिले.

चहाच्या वेळी काका रजिस्टरच्या खोलीत एकटे होते. मी दार लावून घेतलं. "काका, तुम्ही मोजता."

"काय?"

"कोरं पाणी ओतताना. एक ते चौदा. मास्क खाली घेऊन. मी काचेतून बघितलं."

काकांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, चहा सांडला.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"तू? कोणालाच नाही?"

"नाही ना! घसा दुखायला लागलाय न बोलून."

त्यांना हसू आलं असावं, पण डोळे भरलेले होते. "रेघ दिसत नाही गं," ते म्हणाले. "कधी एकीच्या दोन दिसतात, कधी एकही नाही. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा. मी चष्मे बदलतोय. मला भीती वाटते. ऑपरेशन बिघडलं तर वर नेऊन बसवतील, पत्रांवर शिक्के मारायला. पाण्याशिवाय मी काय करू?"

"पण काका, झाकलेल्या चुकीला…"

"पोरं होतात. ठाऊक आहे. माझंच वाक्य मला ऐकवू नकोस." मग एकदम त्यांची पाठ ताठ झाली आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "पण ठिपके माझ्यामुळेच, याला पुरावा काय? तुझं म्हणणं म्हणजे काही निकाल नव्हे."

"दोन प्लेटा लावू," मी म्हटलं. "पाणी तेच, चंबू तोच, मी धुतलेला. एक तुम्ही रोजच्यासारखी ओता. दुसऱ्या वेळी मास्क वर ठेवा, तोंड बंद ठेवा, आणि रेघ आली की मी काचेबाहेरून हात वर करते."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पहिल्यांदाच त्या खोलीत आले होते. "डावी आणि उजवी अशी खूण कर," ते म्हणाले. "आणि चल आता, चहा काय, रोजच असतो."

मॅडमना विचारून दोन प्लेटा लावल्या. कशासाठी, ते काकांनी सांगितलं नाही; "उद्या सांगतो" एवढंच म्हणाले.

शुक्रवारी मी इतकी लवकर पोचले, की पहारेकऱ्यानेच विचारलं, घरी भांडण झालं का. काका माझ्याही आधी आलेले. कपाट उघडलं. काकांनी भिंग हातात घेतलं, डाव्या प्लेटवर वाकले, आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. "मला धड दिसत नाही. तू मोज. आणि जे आहे तेच सांग. मला बरं वाटावं म्हणून एक ठिपका कमी नको, तुझा राग आहे म्हणून एक जास्त नको."

मी मोजले. दोनदा. "डावी, सहा."

"उजवी?"

मी उजवी प्लेट उजेडाकडे धरली, फिरवली, परत फिरवली. "उजवी कोरी, काका. काहीच नाही!"

"नीट बघ."

"अहो, नीटच बघतेय! शून्य! भोपळा!"

आणि काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसत हसायला लागले. "एकतीस वर्षं!" ते म्हणत होते. "एकतीस वर्षं सगळ्यांना गप्प बसवलं, आणि बडबडत होतो मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!" मलाही हसू आवरेना. बाटलीमामा बाटल्यांची पेटी घेऊन दारात आले, आणि आम्ही का हसतोय ते ठाऊक नसतानाच हसायला लागले.

मग काकांनी रजिस्टर बगलेत मारलं आणि मला म्हणाले, "चल वर."

मॅडमच्या टेबलावर त्यांनी मागच्या शुक्रवारचं ते पान उघडलं. सगळं सांगितलं, चष्म्यांसकट, भीतीसकट. मग खिशातलं पेन काढलं. "कुठे आहे ते?" त्यांनी मला विचारलं. "बोट ठेव त्या शब्दाखाली. आणि हलवू नकोस."

मी 'प्रशिक्षणार्थी' या शब्दाखाली बोट ठेवलं. काकांनी माझ्या बोटाच्या आधाराने पेन टेकवलं आणि एक रेघ मारली. एकच, सरळ. शेजारी मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं: 'कारण: मी. ओतताना मोजत होतो.' सही केली. आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"बघणाऱ्याची सही लागते," ते म्हणाले. "तू बघितलंस."

मी घाईघाईत सही केली, ती काकांच्या अक्षरापेक्षा वाकडी आली. मॅडम दोघांकडे बघत होत्या. "ऑपरेशनची तारीख सोमवारी मला हवी," त्या काकांना म्हणाल्या. "आणि शिक्के मारायला माझ्याकडे माणसं आहेत, तुमची गरज नाही. बरे होऊन खाली या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोपर्यंत कोरा नमुना कोण ओतणार?"

"ही," काका म्हणाले. "न मोजता."

पुढचे तीन आठवडे तो चंबू माझ्या हातात होता. काका काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि माझे ओठ हलताहेत का ते बघायचे, म्हणजे जेवढं दिसेल तेवढं. कोरी प्लेट रोज कोरी निघायची. रोज! बाटलीमामांनी गाडीत गाणी लावायला सुरुवात केली. संध्याकाळी घरी मी दिवसभराचं साठलेलं सगळं आईवर ओतायचे, आणि ती मशीनचा आवाज वाढवायची.

शेवटच्या आठवड्यात काकांचं ऑपरेशन झालं. माझ्या शेवटच्या दिवशी ते काळा चष्मा लावून खास आले. दारातच थांबले, चष्मा जरा वर केला आणि माझ्याकडे निरखून बघायला लागले. "अगं, तुझ्या नाकावर तीळ आहे होय? मी इतके दिवस शाई समजत होतो. सांगणार होतो धुवायला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"म्हटलं, एवढी भांडकुदळ पोरगी, राहू दे नाकावर शाई."

मग ते भांड्याजवळ गेले, वाकले नाहीत, उभ्यानेच बघितलं. "रेघ एकच आहे," ते म्हणाले आणि किती तरी वेळ तिथेच उभे राहिले. मला इतका आनंद झाला, की मी एक शब्द बोलू शकले नाही. याची नोंद रजिस्टरात व्हायला हवी होती.

सर्टिफिकेट त्यांनी बंद पाकिटात दिलं. ते पाकीट मी तसंच कॉलेजच्या सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी उघडलं, वाचलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अरेरे! हे खाडाखोड केलेलं आहे. असं कसं चालेल? नवीन लिहून आण."

मी कागद ओढून घेतला. शेऱ्याच्या जागी काकांनी आधी लिहिलं होतं 'समाधानकारक'. त्यावर रेघ होती, एकच, सरळ, अजिबात न हललेली. शेजारी लिहिलं होतं: 'अत्युत्तम. फार बोलते, आणि बोलली म्हणून बरं झालं.' आणि दोन सह्या, काकांची आणि मॅडमची.

सर वाट बघत होते. मी दहापर्यंत मोजायला सुरुवात केली आणि तीनवरच सोडून दिलं.

"सर," मी म्हटलं, "रेघेखालचं वाचता येतंय का?"

"येतंय. 'समाधानकारक'."

"तुम्हाला तेवढंच हवं होतं ना? मग ते आहे. बाकीचं माझं."